हब लावूनही डिव्हाइस का तुटतात: कमी पोर्टच्या घरच्या कॉम्प्युटरसाठी

तक्रार घरोघरी सारखीच असते. कॉम्प्युटरला मागे चार यूएसबी पोर्ट, पुढे दोन, त्यातला एक सैल झालेला. जोडायचं मात्र बरंच असतं: कीबोर्ड, माउस, प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम, बाहेरची हार्ड डिस्क, घरून फॉर्म भरून देत असाल तर अंगठ्याचं मशीन, जीएसटीचं काम असेल तर डिजिटल सहीचं टोकन. म्हणून चार पोर्टचा हब, म्हणजे एका यूएसबी पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा, आणला जातो. थोडे दिवस सगळं ठीक चालतं. मग सही करायच्या ऐन वेळी टोकन गायब होतं, हार्ड डिस्क टिकटिक करत बंद पडते, ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ अशी सूचना कोपऱ्यात येते आणि कुणी हात न लावताही डिव्हाइस काढल्या-लावल्याचा आवाज वाजत राहतो. हब बदलला तरी काही दिवसांनी पुन्हा तेच.

जळगावच्या गोलाणी मार्केटात जा नाहीतर धुळ्याच्या आग्रा रोडवर, दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: “कितला पोर्टना हब जोयजे?” आणि गिऱ्हाईकही पोर्ट मोजूनच उत्तर देतं. खरं तर यूएसबीच्या नियमांनुसार एका कंट्रोलरवर (कॉम्प्युटरमधल्या यूएसबी सांभाळणाऱ्या चिपवर) १२७ डिव्हाइसना पत्ते देता येतात, त्यामुळे संख्येवर घरात कधीच अडत नाही. अडतं ते करंटवर, कोणतं डिव्हाइस कोणत्या वाटेने जोडलंय यावर, आणि आपल्याकडे विशेषतः अर्थिंगवर. हे तीन हिशोब आधी केले तर अनेक घरांत नवा हब घ्यावाही लागत नाही.

आधी दोष कुठे आहे ते ओळखा

काय तुटतं आणि केव्हा तुटतं, एवढं दोन दिवस कागदावर टिपून ठेवा. त्यावरून बरंच कळतं.

एकच डिव्हाइस जात असेल आणि बाकीची चालू राहत असतील तर त्याची केबल किंवा तो पोर्ट तपासा. हबवरची सगळी एकदम जाऊन एकदम परत येत असतील तर हबला मिळणारी वीज किंवा हबपासून कॉम्प्युटरपर्यंतची केबल कमी पडतेय. हबवरची आणि थेट जोडलेलीही जात असतील तर दोष कॉम्प्युटरच्या बाजूला आहे: विंडोजची वीजबचत, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) किंवा अर्थिंग. स्कॅन सुरू केलं की, किंवा हार्ड डिस्कवर मोठी फाइल टाकली की तुटत असेल तर तो करंटचा प्रश्न. लाइट गेली, इन्व्हर्टर लागला, कूलर चालू-बंद झाला की तुटत असेल तर हबकडे बघूच नका. खाली विजेचा भाग दिलाय तिकडे जा.

खात्री करायला हब पूर्ण काढा. कीबोर्ड, माउस आणि संशयित डिव्हाइस एवढंच थेट मागच्या पोर्टना लावा आणि नेहमीचं काम अर्धा तास करा. ठीक चाललं तर हब परत लावून एकेक डिव्हाइस वाढवा, जास्त करंट खाणारं आधी. ज्या डिव्हाइसला गाडी अडते तेच खराब आहे असं लगेच समजू नका. बहुधा तिथे बेरीज मर्यादेबाहेर गेलेली असते.

करंटची बेरीज

यूएसबी २.० च्या एका पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळण्याची हमी असते, यूएसबी ३.० मधून ९०० ची. अडॅप्टर नसलेला हब जास्तीची वीज तयार करत नाही, याच वाट्यातून पुढे देतो. यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे असा चार पोर्टचा हब मिळालेल्या ५०० पैकी १०० स्वतःकडे ठेवतो आणि चारही पोर्टना प्रत्येकी १०० देतो. एवढ्यात कीबोर्ड, माउस, टोकन चालेल. स्कॅनर चालणार नाही.

आता घरातल्या सामानाकडे बघा. साधा कीबोर्ड आणि माउस प्रत्येकी १०० च्या आत. डिजिटल सहीचं टोकन त्याहून कमी. वेबकॅम १५० ते ३००. वाय-फाय डोंगल सिग्नल पाठवताना २०० ते ५००. वेगळा अडॅप्टर नसलेला, यूएसबीवरच चालणारा पातळ फ्लॅटबेड स्कॅनर ५०० च्या आसपास. अडीच इंची हार्ड डिस्क फिरायला सुरुवात करते त्या क्षणी ९०० ते १०००, नंतर कमी. लेझर किंवा इंकजेट प्रिंटर स्वतःच्या मेन केबलवर चालतो, त्यामुळे यूएसबीतून जवळजवळ काहीच घेत नाही. म्हणजे हबवर सगळ्यात आधी टाकायला प्रिंटर चांगला, आणि लोक नेमका तोच थेट पोर्टला ठेवून हार्ड डिस्क हबवर लावतात.

मग सुरुवातीला सगळं चालतं कसं? कारण स्वस्त हब करंटचा नियम पाळतच नाहीत. पाच व्होल्टची तार सरळ चारही पोर्टना जोडलेली असते. तोल बरा असेपर्यंत भागतं. पुढे पिना जरा काळवंडल्या, केबल वाकून-वाकून आतल्या काही तारा तुटल्या की व्होल्टेज खाली जातं. २८ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा, तो जितका लहान तितकी तार जाड) तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. जाणारी आणि येणारी अशा दोन तारा धरल्या तर एक मीटरच्या केबलमध्ये ०.४३ ओहम. ९०० मिलिअँपिअर ओढले की जवळपास ०.४ व्होल्ट केबलमध्येच संपतात, पाचाचे ४.६ होतात आणि पिनांच्या जोडातली घट वेगळी. पॉवरसाठी २४ गेजची तार असेल तर हीच घट ०.१५ च्या आसपास राहते. चांगल्या केबलच्या आवरणावर हा गेज छापलेला असतो, डेटाच्या तारांचा वेगळा आणि पॉवरच्या तारांचा वेगळा. काहीच छापलेलं नसेल तर ती केबल हार्ड डिस्कला आणि हबला लावू नका.

मोजायचं असेल तर पोर्ट आणि डिव्हाइस यांच्या मध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर काहीशे रुपयांत मिळतो. काम चालू असताना, म्हणजे डिस्क फिरत असताना किंवा स्कॅनरचा दिवा सरकत असताना, आकडा बघा. कॉम्प्युटरच्या पोर्टवर ४.७५ च्या खाली गेला तर पोर्टवर ताण आहे. हबच्या टोकाला ४.५ च्या खाली गेला तर डिस्क टिकटिक करणारच. ती टिकटिक डिस्क खराब झाल्याचीही असू शकते, म्हणून आधी थेट मागच्या पोर्टला जाड, आखूड केबलने लावून बघा. आणि टिकटिक चालू असताना पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसू नका, डेटा त्यातच जातो.

आहेत त्याच पोर्टची वाटणी

हब घ्यायच्या आधी हे करा, फुकटचं आहे.

मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर बसवलेले असतात. पुढचे पोर्ट कॅबिनेटच्या आतून बारीक तारेने आलेले असतात आणि रोज वापरून सैल होतात. म्हणून पुढे फक्त पेन ड्राइव्ह आणि क्वचित लागणारं सामान. हार्ड डिस्क, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन मागे, थेट.

मागे एकावर एक असलेल्या दोन पोर्टना पुष्कळ बोर्डांवर एकच फ्यूज असतो. हा फ्यूज गरम झाला की वीज अडवतो आणि गार झाला की पुन्हा सोडतो. “दहा मिनिटं बंद ठेवलं की आपोआप चालू होतं” या तक्रारीमागे बऱ्याचदा हाच असतो. त्यामुळे हार्ड डिस्क आणि स्कॅनर एकाच जोडीत लावू नका. एका जोडीत डिस्क आणि माउस, दुसरीत स्कॅनर आणि कीबोर्ड, अशी गाठ घाला.

निळे पोर्ट यूएसबी ३.० चे. ते हार्ड डिस्कसाठी आणि पॉवर्ड, म्हणजे स्वतःचा अडॅप्टर असलेल्या, हबसाठी राखा. कीबोर्डने निळा पोर्ट अडवून ठेवण्यात काही फायदा नाही. अंगठ्याचं मशीन आणि टोकन मात्र काळ्या, यूएसबी २.० च्या पोर्टवर जास्त शांत राहतात, आणि ही दोन्ही हबवर टाकायची वेळ शक्यतो येऊच देऊ नका. अंगठा घेताना मध्येच कनेक्शन तुटलं तर आरडी सर्व्हिस, म्हणजे त्या मशीनचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर, डिव्हाइस ‘नॉट रेडी’ दाखवते आणि पुष्कळदा ती सर्व्हिस बंद करून परत सुरू करावी लागते. दाराशी माणूस उभा असताना हे होऊ नये.

जुन्या बोर्डवर गोल पीएस-२ पोर्ट असतो, जांभळा, हिरवा किंवा अर्धा-अर्धा. त्यावर पीएस-२ कीबोर्ड लावला की एक यूएसबी मोकळा. यूएसबी कीबोर्डला हिरवा-जांभळा कनेक्टर बसवून तो चालेलच असं नाही. ज्या कीबोर्डच्या आतल्या चिपला दोन्ही पद्धती येतात तोच चालतो. पीएस-२ ची केबल कॉम्प्युटर बंद असतानाच लावायची.

स्पीकर ३.५ मिमीच्या जॅकवर चालत असतील तर यूएसबी साउंड कार्ड कशाला? प्रिंटरला लॅन किंवा वाय-फाय असेल तर तो राउटरवर टाका. वायरलेस कीबोर्ड-माउसची एकाच डोंगलवर चालणारी जोडी घ्या. आणि कायम लावलेलीच राहणारी बाहेरची डिस्क असेल तर तिच्याऐवजी कॅबिनेटमध्ये साटा डिस्क बसवणं हे केव्हाही उत्तम.

हबच्या आधी नवे पोर्ट

डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डवर बहुधा यूएसबीचे न वापरलेले हेडर, म्हणजे केबल लावायच्या पिनांचे गठ्ठे, असतात. नऊ पिनांचा एक हेडर म्हणजे यूएसबी २.० चे दोन पोर्ट. एकोणीस पिनांचा म्हणजे यूएसबी ३.० चे दोन. कॅबिनेटच्या मागच्या मोकळ्या पट्टीच्या जागी बसणारं दोन पोर्टचं ब्रॅकेट मिळतं. स्वस्त आहे, आणि यातून मिळणारे पोर्ट हबचे नसून थेट बोर्डचे असतात. हे फार कमी लोक करतात, आणि करायला हवं.

मेन पिन काढा, पट्टी काढून ब्रॅकेट स्क्रूने बसवा, आणि बोर्डवर छापलेलं नाव वाचूनच कनेक्टर लावा: गिगाबाइटच्या बोर्डवर एफ-यूएसबी, एमएसआयच्या बोर्डवर जे-यूएसबी असं लिहिलेलं असतं. नऊ पिनांच्या हेडरमध्ये एक पिन मुद्दाम नसते आणि कनेक्टरमध्ये त्याच जागी छिद्र बुजवलेलं असतं. बसत नसेल तर जोर लावायचा नाही, उलट धरलेला असतो. काही फार जुन्या बोर्डांवर फायरवायर या वेगळ्या जोडणीचाही असाच दिसणारा हेडर असतो आणि त्यात १२ व्होल्ट असतात. तिथे यूएसबी लावला तर पहिलंच डिव्हाइस जळतं. तारा सुट्या असलेलं ब्रॅकेट घेऊच नका.

हेडर उरले नसतील तर पीसीआय-एक्सप्रेसच्या लहान स्लॉटमध्ये बसणारं यूएसबी ३.० चं कार्ड घ्या. दोन गोष्टी बघा. कार्डवर एसएमपीएसमधून वीज घ्यायचं सॉकेट असावं, साटा किंवा चार पिनांचं मोलेक्स, आणि ते जोडलेलंच असावं. आणि कॉम्प्युटरवर विंडोज ७ असेल तर यूएसबी ३.० चा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. विंडोज १० मध्ये तो आधीच असतो.

लॅपटॉपला हे दोन्ही मार्ग नाहीत, तिथे हबच. टाइप-सी पोर्टचा हब घेताना आपल्या लॅपटॉपच्या त्या पोर्टमधून डिस्प्ले निघतो का आणि चार्जिंग होतं का, हे लॅपटॉपच्या मॅन्युअलमध्ये बघा. काही टाइप-सी पोर्ट फक्त डेटाचे असतात आणि त्यावर हबचा एचडीएमआय कधीच चालत नाही.

हब घ्यायचाच तर

अडॅप्टरसकट घ्या. हबच्या बाजूला अडॅप्टरचं भोक असणं पुरेसं नाही; डब्यात अडॅप्टर हवा आणि त्यावर आकडे हवेत. चार पोर्टला ५ व्होल्ट २ अँपिअर हे किमान, सात पोर्टला ५ व्होल्ट ४ अँपिअर. काही हब १२ व्होल्टचा अडॅप्टर वापरून आत पाच करतात, तेही चांगलं. मात्र घरातला राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर पिन बसते म्हणून ५ व्होल्टच्या हबला लावला तर हबसकट सगळी डिव्हाइस जळतील. अडॅप्टर आला त्या दिवशीच त्यावर कागद चिकटवून ‘हब’ लिहा.

निळं प्लास्टिक म्हणजे यूएसबी ३.० असं नाही. पोर्टच्या आत टॉर्च मारून बघा. यूएसबी २.० ला चार पट्ट्या असतात, ३.० ला त्यांच्यामागे आणखी पाच, एकूण नऊ. ‘३.० हब’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ डब्यांत एकच पोर्ट ३.० चा असतो आणि बाकीचे तीन २.० चे. हे चुकीचं नाही, फक्त डिस्क त्या एकावर लावायची.

सात पोर्टचा हब पुष्कळदा चार पोर्टच्या दोन चिपा एकामागे एक जोडून केलेला असतो. पहिल्या चिपचे तीन पोर्ट बाहेर, चौथ्यावर दुसरी चिप आणि तिचे चार. म्हणजे तुम्ही एक हब लावता तेव्हा आत दोन लागतात. कॉम्प्युटर आणि डिव्हाइस यांच्यामध्ये जास्तीत जास्त पाच हब चालतात, पण हबमध्ये हब लावायची सवयच नको. करंट आणि जोड दोन्ही वाढत जातात.

आवाज खरखरण्याची तक्रार वेगळ्या कारणाने येते. माउस, यूएसबी साउंड कार्ड यांसारखी बरीच डिव्हाइस १.५ किंवा १२ मेगाबिटच्या जुन्या गतीने बोलतात, तर हबचा कॉम्प्युटरशी व्यवहार ४८० मेगाबिटने होतो. मधल्या भाषांतरासाठी हबमध्ये जो भाग असतो तो स्वस्त चिपमध्ये सगळ्या पोर्टना मिळून एकच असतो. जुन्या गतीची तीन-चार डिव्हाइस एका हबवर आली की आवाज तुटतो. साउंड कार्ड थेट पोर्टवर न्या. दोन वेबकॅम एका यूएसबी २.० हबवर चालत नाहीत त्याचं कारण याच घरातलं: प्रत्येक वेबकॅम ४८० मेगाबिटमधला वाटा आधीच अडवून ठेवतो, दुसऱ्याला उरत नाही.

आणखी एक तपासणी जरूर करा. हबला अडॅप्टर चालू, हब कॉम्प्युटरला जोडलेला, आणि कॉम्प्युटरची मेन पिन भिंतीवरच्या स्विचबोर्डातून काढलेली. अशा वेळी मदरबोर्डवरचा किंवा कीबोर्डचा दिवा लागत असेल तर हब उलटी वीज कॉम्प्युटरमध्ये ढकलतोय. त्याने कॉम्प्युटर कधी सुरू होत नाही, कधी पूर्ण बंद होत नाही. असा हब दुकानात परत करा.

लाइट, अर्थिंग आणि कूलर

खानदेशात या समस्येची निम्मी उत्तरं इथे सापडतात, आणि इथेच कुणी बघत नाही.

सगळ्यात साधी चूक: कॉम्प्युटर यूपीएसवर आणि हबचा अडॅप्टर भिंतीतल्या साध्या सॉकेटवर. लाइट गेली की कॉम्प्युटर चालू राहतो, हब मरतो, आणि हबवरची डिस्क लिहिता लिहिता तुटते. फाइली तिथेच बिघडतात. हबचा अडॅप्टर कॉम्प्युटरच्याच यूपीएसवर लावा. त्याचा भार २० वॅटच्या आत असतो. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर कधीही नको. ६०० व्हीएच्या यूपीएसमधून साधारण ३६० वॅट मिळतात आणि लेझरचा हीटर गरम होताना त्याहून जास्त ओढतो. प्रिंट दिली की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो तो यामुळे.

घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर इन्व्हर्टरच्या मागचा खटका यूपीएस मोडवर आहे का बघा. साध्या मोडमध्ये वीज बदलायला जो वेळ लागतो तो कॉम्प्युटरच्या एसएमपीएसला आणि हबच्या अडॅप्टरला पेलत नाही. चांगला एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, स्वस्त अडॅप्टर त्याहून कमी.

आता अर्थिंग. कॅबिनेटला उघड्या पायाने हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तुटलेलं आहे. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून कॅबिनेटकडे लहान कपॅसिटर असतात. अर्थ जोडलेला असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेटवर मेनच्या निम्मं, म्हणजे ११० ते ११५ व्होल्ट दिसतात. करंट अगदी थोडा असतो, पण तुम्ही प्रिंटरची किंवा हबची केबल लावता त्या क्षणी तो यूएसबीच्या जमिनीच्या तारेतून वाट काढतो. पोर्टच्या चिपा अशाच एकेक करून जातात, आणि नाव मात्र हबचं होतं.

तापीकाठच्या काळ्या जमिनीत हे उन्हाळ्यात वाढतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात जातो, माती आकसून भेगाळते, अर्थिंगच्या पाइपाभोवतीचा ओलावा जातो आणि रोध चढतो. पावसाळ्यात ठीक चालणारं कनेक्शन उन्हाळ्यात तुटत राहतं ते यामुळेही. आठवड्याला दोन बादल्या पाणी अर्थिंगच्या खड्ड्यात ओता. वायरमनकडून मल्टीमीटरने सॉकेटवर तीन आकडे घ्या: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. पहिले दोन जवळजवळ सारखे आणि तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. फेज ते अर्थ खूपच कमी दिसला तर अर्थची तार कुठेतरी सुटलेली आहे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवणारे कन्व्हर्टर घरातून काढून टाका. प्रिंटर यूपीएसवर नसला तरी यूपीएस ज्या पॉइंटवर आहे त्याच पॉइंटवरून त्याला वीज द्या, म्हणजे दोघांचा अर्थ एकच राहतो. आणि नवीन प्रिंटरची यूएसबी केबल प्रिंटरचा मेन स्विच बंद ठेवूनच लावा.

कॉम्प्युटर ज्या स्विचबोर्डवर आहे त्यावर कूलर नको. त्याची मोटर आणि पंप बंद होताना तारेत झटका सोडतात, आणि त्या झटक्याने यूएसबी क्षणभर तुटून परत जोडली जाते. कूलरची हवा थेट हबवरही नको. ती ओली असते आणि पिनांवर काळा थर धरतो. धाब्याच्या घरात छतातून माती झिरपत राहते, म्हणून हबची तोंडं वर करून ठेवू नका, आडवी ठेवा आणि रिकाम्या पोर्टना रबरी टोपण लावा. साफ करायचं तर सगळं बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. पिनने खरवडू नका.

वायरलेस माउस अडखळतो

यूएसबी ३.० चा पोर्ट किंवा केबल काम करत असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सोडते. इंटेलनेच २०१२ साली हे मोजून जाहीर केलं. वायरलेस माउसचं आणि बहुतेक वाय-फाय डोंगलचं कामही याच पट्ट्यात चालतं. डोंगल निळ्या पोर्टशेजारी आणि बाजूला डिस्क चालू, तर माउस अडखळणारच. अर्धा ते एक मीटरची यूएसबी २.० एक्स्टेन्शन घेऊन डोंगल टेबलावर, माउसजवळ आणा. सेल बदलत बसण्याआधी हे करा.

विंडोजमध्ये काय बदलायचं

काही वेळ हात लावला नाही की डिव्हाइस जातं आणि काढून-लावून परत येतं, अशी तक्रार असेल तर वीजबचत बंद करा. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनचं ‘चेंज प्लॅन सेटिंग्ज’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, त्यात ‘यूएसबी सेटिंग्ज’ आणि ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ डिसेबल. मग स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स’मध्ये प्रत्येक ‘यूएसबी रूट हब’ आणि ‘जेनेरिक यूएसबी हब’ उघडून ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमधली, कॉम्प्युटरला डिव्हाइस बंद करू देणारी खूण काढा. हे प्रत्येक हबवर करायचं, एकावर करून थांबू नका.

तिथेच ‘व्ह्यू’ मेनूत ‘डिव्हाइसेस बाय कनेक्शन’ निवडलं की कोणतं डिव्हाइस कोणत्या कंट्रोलरवर, कोणत्या हबमागे आहे त्याचा वंशवृक्षच दिसतो. सगळा भार एकाच फांदीवर आहे का ते इथे कळतं. कोड ४३ किंवा ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ दिसलं तर ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी केबल आणि पोर्ट बदला. हा संदेश म्हणजे डिव्हाइसने स्वतःची ओळखच नीट सांगितली नाही, आणि त्यामागे बहुधा वीज किंवा तार असते. कोड १० मात्र जास्त करून ड्रायव्हरचा. वजनकाट्याला लावतात त्या यूएसबी-सीरियल केबलमधली नकली किंवा फार जुनी चिप नव्या विंडोजवर हाच कोड देते, तिथे केबलच बदला. ‘नॉट इनफ यूएसबी कंट्रोलर रिसोर्सेस’ आलं तर यूएसबी ३.० कंट्रोलरची आतली यादी भरली आहे. काही सामान दुसऱ्या कंट्रोलरच्या पोर्टवर हलवा किंवा कार्ड बसवा.

सकाळी सुरू केल्यावर डिव्हाइस दिसत नाही, पण रीस्टार्ट केलं की दिसतं, असं असेल तर ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. तो पॉवर ऑप्शन्समध्येच, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ या ठिकाणी असतो. तो चालू असताना शटडाउन पूर्ण होत नाही, रीस्टार्ट मात्र पूर्ण होतो.

पोर्ट एकाएकी मेलेला वाटला तर शटडाउन करा, सगळ्या यूएसबी आणि मेन पिन काढा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, पाच मिनिटांनी परत जोडा. अडकलेला पोर्ट पुष्कळदा यातून सुटतो.

‘कॉपी १’ नावाचा प्रिंटर

प्रिंटर आज एका पोर्टला, उद्या दुसऱ्या पोर्टला लावला की विंडोज त्याला नवा समजून ‘कॉपी १’ तयार करते आणि जुना ऑफलाइन राहतो. प्रिंट जुन्याला जातात आणि रांगेत अडकतात. यूएसबीवर स्वतःचा सिरियल नंबर न सांगणाऱ्या डिव्हाइसची ओळख विंडोज पोर्टवरूनच करते, म्हणून असं होतं. यूएसबी-सीरियल केबलचा कॉम नंबरही याच कारणाने बदलतो आणि वजनकाट्याचं सॉफ्टवेअर काटा सापडत नाही म्हणतं.

उपाय: पोर्ट कायमचे ठरवा आणि मागे पांढऱ्या टेपवर नावं लिहा. आधीच घोळ झाला असेल तर ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधल्या ‘पोर्ट्स’ टॅबमध्ये सध्याचा यूएसबी ००१, ००२ असा जो पोर्ट असेल तो निवडा आणि जास्तीचा प्रिंटर काढून टाका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘शो हिडन डिव्हाइसेस’ केलं की फिकट रंगात जुन्या नोंदी दिसतात. प्रिंटरच्या आणि कॉम पोर्टच्या तेवढ्याच काढा.

केबल

यूएसबी २.० ची केबल पाच मीटरपर्यंत, ३.० ची तीन मीटरपर्यंत. दोन एक्स्टेन्शन जोडून लांबी वाढवली की आकड्यात बसूनही तुटतं, कारण प्रत्येक जोड स्वतःची घट आणतो. प्रिंटर दुसऱ्या खोलीत असेल तर आत चिप असलेली अ‍ॅक्टिव्ह एक्स्टेन्शन घ्या, किंवा प्रिंटरला लॅन असेल तर लॅन केबल टाका. ती १०० मीटरपर्यंत जाते. यूएसबी आणि मेनची तार एकत्र बांधून भिंतीवरून नेऊ नका, दोन्हीत वीतभर अंतर ठेवा.

ज्या पोर्टमधली पट्टी वाकलेली किंवा आतली जीभ तुटलेली दिसते तो टेप लावून बंद करा. त्यातली पाच व्होल्टची पिन कवचाला टेकली तर त्याच्याच फ्यूजवरचा शेजारचा चांगला पोर्टही बंद पडतो, आणि मग दोष भलत्याच डिव्हाइसमध्ये शोधला जातो.